हेवी लायसन्सपासून पहिल्या नोकरीपर्यंत : नागपूरकर बायांसाठी

नागपूरला ट्रकची काय कमतरता! श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा ४४ नंबरचा आणि हजिराहून पारादीपला जाणारा ५३ नंबरचा महामार्ग इथेच एकमेकांना भेटतात. वाडीची गोदामं, कापसीचे ट्रान्सपोर्टवाले, कळमन्याचा बाजार, बुटीबोरी आणि हिंगण्याच्या एमआयडीसी, भोवताली कोळशाच्या आणि मँगनीजच्या खाणी. चालक मिळत नाही म्हणून मालक रोज रडतात. तरी हेवी लायसन्स घेऊन एखादी बाई दारात उभी राहिली की पहिला प्रश्न येतो, "मॅडम, अनुभव आहे का?"

लायसन्स काढणं किचकट आहे, पण त्याचा रस्ता ठरलेला आहे. अनुभव नाही म्हणून काम नाही आणि काम नाही म्हणून अनुभव नाही, यात बहुतेक जणी अडकतात आणि लायसन्स कपाटात पडून राहतं. म्हणून लायसन्सच्या पायऱ्या तर सांगतेच, पण जास्त सांगणार आहे ते त्यानंतरचं.

१. आधी ठरवा, चालवायचं काय

"मला ट्रक चालवायचाय" एवढ्यावर सुरुवात करू नका. छोटा हत्ती आणि पिकअप, आयशर, दहा-बारा चाकी, ट्रेलर, बांधकामाचा टिप्पर, टँकर या सगळ्यांचं आयुष्य वेगळं आहे. ट्रेलरवाली आठवडा-आठवडा घराबाहेर राहते. टिप्परवाली संध्याकाळी घरी येते, पण दिवसभर धूळ खाते. फोर्कलिफ्टवाली छपराखाली आणि ठरल्या शिफ्टमध्ये काम करते. घरी लहान लेकरू असेल तर फोर्कलिफ्ट किंवा शहरातली डिलिव्हरी यात कमीपणा नाही. पुढे मोठ्या गाडीवर जाता येतं.

ताकदीची भीती मनातून काढा. आताच्या गाड्यांना पॉवर स्टिअरिंग असतं. स्टेपनी बदलायला जोर लागतो हे खरं, पण ती पुरुषही एकटा बदलत नाही. पान्याला लांब पाईप लावतो आणि हेल्परला हाक मारतो. उंची कमी असेल तर मात्र सीट पुढे-खाली होते का आणि क्लच पूर्ण दाबला जातो का, हे गाडीत बसूनच बघा.

२. सगळे कागद एका नावावर आणा

ही पायरी पुरुषांसाठीच्या माहितीत कुठेच नसते. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पॅनवर तिसरंच आणि बँकेत आणखी वेगळं स्पेलिंग. आरटीओत अर्ज अडकतो तो इथे. पुढे पीएफ आणि विम्याच्या पैशालाही हाच घोळ नडतो.

कोणतं नाव ठेवायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, पण एकच ठेवा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र काढून ठेवा. गरज पडली तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल छापून घ्या. घटस्फोटित किंवा एकट्या बायांनी राजपत्राचा मार्ग धरला तर पुढे कुणाला खुलासा देत बसावं लागत नाही.

दुसरी गोष्ट मोबाइल नंबरची. सारथी या लायसन्सच्या सरकारी पोर्टलवरच्या अर्जात तुमचा स्वतःचा नंबर टाका. एजंट घाईत आपला नंबर टाकून देतो. पाच वर्षांनी नूतनीकरणाच्या वेळी ओटीपी त्याच्या फोनवर जातो आणि तोवर त्याचं दुकानही उठलेलं असतं. नवऱ्याचा नंबरही नको.

जवळ ठेवायचे कागद:
– आधार, पॅन, जन्मतारखेचा पुरावा (शाळा सोडल्याचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र)
– पत्त्याचा पुरावा (भाड्याने राहत असाल तर नोंदणी केलेला करार)
– विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्राची प्रत
– हलक्या चारचाकीचं लायसन्स
– नमुना १-अ, म्हणजे एमबीबीएस डॉक्टरचं वैद्यकीय प्रमाणपत्र
– नमुना ५, म्हणजे मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलचं प्रमाणपत्र
– स्वतःच्या एकटीच्या नावाचं बँक खातं

शिक्षण कमी आहे म्हणून मागे हटू नका. मालवाहू गाडीच्या लायसन्ससाठी आठवी पासची अट २०१९ मध्येच काढली आहे. कुणी आठवीचा दाखला "जमवून देतो" म्हणून पैसे मागत असेल तर सरळ उठून या.

३. लायसन्स : पायरी चुकली की वर्ष जातं

नागपुरात एमएच-३१ शहर, एमएच-४९ पूर्व नागपूर आणि एमएच-४० ग्रामीण अशी तीन कार्यालयं आहेत. तुमचा अर्ज कोणत्या कार्यालयात जाणार ते अर्जाआधी तपासा.

क्रम असा : आधी हलक्या चारचाकीचं पक्कं लायसन्स. ते हातात येऊन एक वर्ष झालं की मालवाहू गाडीचं शिकाऊ लायसन्स मिळतं. ते सहा महिने चालतं आणि तीस दिवसांनंतर पक्क्या लायसन्सची चाचणी देता येते. मालवाहू गाडीसाठी वय किमान २० लागतं. लायसन्स पाच वर्षांचं असतं.

इथे हमखास फसगत होते ती स्कूटीच्या लायसन्समुळे. "माझ्याकडे दहा वर्षांपासून लायसन्स आहे" असं म्हणत बाई येते आणि ते असतं बिनगिअरच्या दुचाकीचं. ती दहा वर्षं धरत नाहीत. एक वर्षाचं घड्याळ चारचाकीचं लायसन्स मिळाल्यापासूनच सुरू होतं. मनात विचार आला असेल तर बाकी काही ठरायच्या आधी चारचाकीचं लायसन्स काढून टाका.

ते वर्ष वाया जात नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी निकाल दिला की हलक्या वाहनाच्या लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाची मालवाहू गाडीही चालवता येते, वेगळ्या शेऱ्याची गरज नाही. म्हणजे वय २० पूर्ण असेल तर छोटा हत्ती आणि पिकअप त्याच लायसन्सवर. एकूण वजन म्हणजे गाडी अधिक माल. आरसी बुकात तो आकडा असतो, तो वाचूनच चावी हातात घ्या. लायसन्स चुकीच्या वर्गाचं निघालं तर अपघातात विमा कंपनी हात वर करते.

सरकारी फी फार नाही. शिकाऊ लायसन्सला प्रत्येक वर्गाचे १५०, पक्क्या चाचणीचे ३०० रुपये, अशा टप्प्यांत ती जाते. हजारांचे आकडे ऐकू येतात ते स्कूलचे आणि एजंटचे.

४. स्कूलला पैसे देण्याआधी

मालवाहू गाडीसाठी नमुना ५ बंधनकारक असल्याने काही स्कूलवाले तेवढा कागदच विकतात. दोन वेळा मैदानात फेरी आणि हातात प्रमाणपत्र. असा कागद घेऊन चाचणी कदाचित निघेल, पण वाडीच्या गोदामात गाडी डॉकला रिव्हर्स लावायची वेळ आली की सगळं उघडं पडतं. नियमाप्रमाणे मालवाहू गाडीचं प्रशिक्षण तीस दिवसांचं असतं आणि त्यात किमान पंधरा तास स्टिअरिंग तुमच्या हातात हवं. फी भरण्याआधी विचारा :

– मोठी गाडी स्कूलची स्वतःची आहे का? कोणती? तिचं फिटनेस, विमा आणि पीयूसी चालू आहे का? चाचणीला तीच न्यायची असते. कागद संपलेले असतील तर तुमची तारीख जाते.
– एका वेळी गाडीत किती जण बसतात? पाच शिकाऊ असतील तर तुमचे पंधरा तास कुठले?
– भरलेली गाडी चालवायला मिळेल का? रिकामा आणि भरलेला ट्रक ही दोन वेगळी जनावरं आहेत.
– शिकवणारा कोण आहे? दुसरी एखादी शिकाऊ बाई सोबत असेल तर एकाच वेळी नाव घाला. खर्च तोच, मन मात्र निवांत.

एक सवय पहिल्या दिवसापासून मोडा, किंवा लागूच देऊ नका. उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रल मारणं. जुने ड्रायव्हर मोठ्या कौतुकाने शिकवतात. भरलेल्या गाडीचा उतारावरचा अर्धा ब्रेक म्हणजे गिअर. तो सोडला की सगळा भार ब्रेकच्या लायनरवर येतो, लायनर तापतात आणि ब्रेक धरत नाहीत. निघण्याआधी हवेच्या प्रेशरचा काटा बघायचा, तो भरल्याशिवाय गाडी हलवायची नाही, मागून कुणी कितीही हॉर्न वाजवो.

भाऊ किंवा नवरा ड्रायव्हर असेल तर त्याच्यासोबत हेल्पर म्हणून बसून बरंच शिकता येतं : ताडपत्री बांधणं, वजनकाटा, बिल्टी (ट्रान्सपोर्टवाल्याची मालाची पावती), ई-वे बिल (मालासोबतचा जीएसटीचा कागद). स्टिअरिंग मात्र शिकाऊ लायसन्स आणि पुढे-मागे ‘एल’ लावल्याशिवाय हातात घेऊ नका, आणि शेजारी पक्कं लायसन्स असलेलाच माणूस हवा.

५. जेसीबी, पोकलेन, फोर्कलिफ्ट

मशिनचं लायसन्स वेगळं. सारथी पोर्टलवर लोडर, एक्सकॅव्हेटर, क्रेन, फोर्कलिफ्ट असे वर्ग आहेत. रस्त्यावरून चालवत नेणार असाल तर त्या वर्गाचं लायसन्स लागतंच. साइटवर कंत्राटदार त्यासोबत कौशल्य प्रमाणपत्र मागतात. पायाभूत सुविधा उपकरणांची कौशल्य परिषद बॅकहो लोडर आणि एक्सकॅव्हेटर ऑपरेटरचे अभ्यासक्रम ठरवते. असं प्रमाणपत्र देणाऱ्या केंद्रात जा, गल्लीतल्या "सात दिवसांत ऑपरेटर"वाल्याकडे नको. बार्टी, सारथी (ही संस्था, लायसन्सचं पोर्टल नव्हे) आणि नागपुरातच मुख्यालय असलेली महाज्योती या सरकारी संस्थांच्या मोफत प्रशिक्षणाच्या जाहिराती निघतात. त्या आपापल्या प्रवर्गाप्रमाणे बघत राहा.

कपड्यांबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलते. ओढणी, पदर, सैल बाही, मोकळे केस मशिनजवळ चालत नाहीत. पँट, अंगाबरोबरचा शर्ट, सेफ्टी शूज. महिलांच्या मापाचे सेफ्टी शूज साइटवर बहुधा नसतात. आधी सांगून मागवून घ्या, मोठ्या बुटात चिंध्या कोंबून पेडल दाबू नका.

६. पहिली नोकरी

हेवी लायसन्स हातात आल्याबरोबर ट्रेलर कुणी देणार नाही. त्यात बाई-पुरुष हा भागही आहे, पण पन्नास लाखांची गाडी कुणीही नवख्याला देत नाही. म्हणून मधली पायरी शोधायची आणि त्या पायरीवर लेखी अनुभव जमवायचा.

नागपुरात मला उपयोगी वाटणाऱ्या मधल्या पायऱ्या या : कळमन्यातून शहरात भाजी-किराणा पोहोचवणारी छोटी गाडी, महापालिकेच्या कंत्राटदारांची कचरागाडी, वाडी, बुटीबोरी, मिहानच्या गोदामांतली फोर्कलिफ्ट, आरएमसी (तयार काँक्रीट) प्लांट आणि रस्त्यांच्या कामांवरचे टिप्पर. हेवी पक्कं झालं असेल तर एसटीच्या भरतीवरही लक्ष ठेवा. एसटीत २०२३ पासून महिला चालक बस चालवताहेत. सरकारी प्रशिक्षणाची शिस्त नंतर कुठेही कामी येते.

मोठ्या कंपन्यांचे दरवाजे थेट वाजवा. गोदामं चालवणाऱ्या आणि वाहनं बनवणाऱ्या कंपन्यांना हल्ली महिला चालक हव्या असतात, कारण त्यांना वरून तसं सांगितलेलं असतं. फोटोपुरत्या घेणाऱ्याही असतात. मुलाखतीत एकच विचारायचं : "आत्ता तुमच्याकडे किती महिला गाडी चालवतात, आणि त्यांच्यापैकी एकीशी बोलता येईल का?" उत्तर टाळलं की काय ते समजून घ्या.

छोट्या मालकाकडे जाताना वेगळी रीत. त्याच्या मनातली भीती ही : रस्त्यात बाईला काही झालं तर माझ्यावर येईल. ती भीती त्याच्या आधी तुम्हीच बोलून टाका. "पहिले काही महिने मी त्याच दिवशी परत येणारे फेरे करीन, बुटीबोरी, भंडारा, वर्धा. लोकेशन चालू ठेवीन. गाडीला ओरखडा आला तर भत्त्यातून कापण्याचं आधी लिहून ठरवू." माझं निरीक्षण असं की मालक या बोलण्याने निम्मा वितळतो. "चाचणी म्हणून महिनाभर फुकट चालव" म्हणणाऱ्याला मात्र नमस्कार करायचा. भरलेली गाडी फुकट चालवणं म्हणजे जोखीम तुमची आणि भाडं त्याचं.

ठरवताना हे लेखी घ्या : पगार, रोजचा भत्ता, सुट्टी, थांबलेल्या दिवसाचे पैसे, चलान कोण भरणार. ओव्हरलोडचं चलान मालकाचं. हे आधी बोललं नाही तर ते तुमच्या पगारातून जातं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांप्रमाणे नियुक्तीपत्र हा प्रत्येक कामगाराचा हक्क आहे. दहा किंवा जास्त कामगार असतील आणि पगार २१ हजारांच्या आत असेल तर ईएसआयसी (कामगार राज्य विमा) कार्ड मागा. त्यातून उपचार आणि २६ आठवड्यांची प्रसूती रजा मिळते.

आणि रोजची एक वही ठेवा. तारीख, गाडी नंबर, कुठून कुठे, माल काय. जेसीबीवर असाल तर अवर मीटरचे (मशिन किती तास चाललं ते दाखवणारा) सुरुवातीचे आणि शेवटचे आकडे. बिल्टीचा, ट्रिपशीटचा मोबाइलवर फोटो. सोडताना मालकाकडून लेटरहेडवर अनुभव प्रमाणपत्र घ्यायचं, आणि तेही भांडण व्हायच्या आधी. पुढच्या मुलाखतीत "अनुभव आहे का" या प्रश्नावर वही टेबलावर ठेवली की बोलणं पगारावर येतं.

टँकरकडे जायचं असेल तर धोकादायक मालाचं वेगळं तीन दिवसांचं प्रशिक्षण आणि लायसन्सवर शेरा लागतो. हा शेरा तीन वर्षांचा असतो. टँकरला शिस्त कडक, पण लोडिंग-अनलोडिंग बहुधा ठरल्या जागी होतं आणि ओव्हरलोडचा त्रास नसतो. बायांसाठी मला ही लाइन बरी वाटते.

७. खाणीत जायचं असेल तर

कोळशाची वेकोलि आणि मँगनीजची मॉयल या दोन्ही सरकारी कंपन्यांची मुख्यालयं नागपुरातच आहेत आणि उमरेडपासून चंद्रपूर-वणीपर्यंत उघड्या खाणी पसरल्या आहेत. खाणीतलं डंपरचं काम रस्त्यापेक्षा मला सोपं वाटतं : ठरलेला रस्ता, ठरलेली शिफ्ट, समोरून रिक्षा येत नाही. झारखंडमधल्या नोआमुंडीच्या लोहखाणीत अवजड यंत्रांवर महिला ऑपरेटर आहेत.

पूर्वी खाण कायदा बायांना रात्रीच्या शिफ्टला मनाई करत होता. २०१९ मध्ये उघड्या खाणीत रात्रपाळी खुली झाली, आणि आता नव्या कामगार संहितेत भूमिगत खाण आणि अवजड यंत्रं यांसह सगळी कामं खुली आहेत. तुमची संमती आणि सुरक्षेची व्यवस्था या दोन अटींवर. संमतीच्या कागदावर तारीख आणि शिफ्ट लिहिलेली असू द्या, कोऱ्या कागदावर सही करू नका.

खाणीत शिरण्याआधी वैद्यकीय तपासणी आणि व्यावसायिक प्रशिक्षण केंद्रातलं प्रशिक्षण होतं. कंत्राटदार "ते नंतर करू" म्हणाला तरी त्याशिवाय गाडीवर चढू नका. बाहेरचं हेवी लायसन्स असलं तरी खाणीत कोणतं यंत्र चालवायचं याचं लेखी अधिकारपत्र लागतं. प्रकल्पग्रस्त म्हणून नोकरीला लागलेल्या बायांनी ऑफिसातला झाडू किंवा चहा हेच काम आयुष्यभर असं धरू नये. ऑपरेटरच्या प्रशिक्षणाची अंतर्गत सूचना निघाली की अर्ज टाकायचा.

८. रस्त्यावर : पाणी, लघवी, मुक्काम

लघवीला जागा नाही म्हणून बाया पाणी पीत नाहीत. नागपूरच्या मे महिन्यात, पंचेचाळीसच्या उन्हात, इंजिनशेजारी बसून पाणी न पिणं म्हणजे मूत्रमार्गाचा संसर्ग तरी नाहीतर उन्हाचा झटका तरी. उपाय पाणी तोडणं नाही, थांबे आधी ठरवणं आहे. निघायच्या आदल्या दिवशी वाटेतले दोन-तीन चांगले पंप निवडा. पंपावरचं शौचालय वापरायला पैसे लागत नाहीत आणि तिथे डिझेल भरलंच पाहिजे असंही नाही. कुलूप असेल तर चावी मागा, "खराब आहे" हे उत्तर पहिल्यांदा ऐकून निघू नका. तेल कंपन्यांनी काही पंपांवर चालकांसाठी ‘अपना घर’ नावाची विश्रांतीगृहं काढली आहेत. समृद्धीवर शिवमडक्याहून चढलात तर खाली उतरायच्या जागा लांब लांब आहेत, म्हणून चढण्याआधीच सगळं उरकून घ्या.

गाडीत ठेवायचं : पाच लिटर पाणी, ओआरएस, पॅड आणि कागदी पिशव्या, विजेरी, शिट्टी, पॉवर बँक, जाड पडदा, आतून लागणारी जादा कडी. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनलेल्या मध्यम आणि जड ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा आहे. नवी गाडी मिळत असेल तर तीच मागा.

मुक्काम उजेडात, कॅमेऱ्याखाली, गाडीचं तोंड बाहेरच्या दिशेने. कुठे झोपणार हे समाजमाध्यमावर टाकू नका, घरच्या एका माणसाला आणि मालकाला सांगा. रात्री कुणी दारावर थाप मारून "डिझेल गळतंय" म्हणालं तर खाली उतरायचं नाही. काच बोटभर खाली करून बोलायचं, संशय आला तर गाडी चालू करून पंपाच्या उजेडात न्यायची. देवरीच्या किंवा पेंचच्या जंगलपट्ट्यात तर कारणाशिवाय थांबूच नका. माणसाचं सोडा, तिथे वाघाचा रस्ता आहे.

९. त्रास झाला तर

तातडीला ११२. महामार्गावर गाडी बंद पडली किंवा अपघात झाला तर १०३३. महिला हेल्पलाइन १८१. मारहाण किंवा अत्याचार असेल तर सखी वन स्टॉप सेंटरमध्ये वैद्यकीय, पोलिसी आणि कायदेशीर मदत एका ठिकाणी मिळते.

मालक, मुकादम, लोडिंगवाला, कुणीही लैंगिक त्रास दिला तर २०१३ चा कायदा तुमच्या बाजूने आहे. कंपनीने दिलेली गाडीही त्या कायद्यात कामाची जागाच धरली जाते. दहा किंवा जास्त माणसं असतील तर कंपनीची अंतर्गत समिती हवी. माणसं कमी असतील किंवा तक्रार खुद्द मालकावरच असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती. छोट्या ट्रान्सपोर्टरकडे काम करणाऱ्या बहुतेक जणींना ही दुसरी वाट ठाऊकच नसते. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्या, मेसेज आणि कॉलची नोंद पुसू नका. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यांचा फोन १५१००.

शिवाय असंघटित कामगारांच्या ई-श्रम पोर्टलवर नोंदणी करा आणि बँकेत पंतप्रधान सुरक्षा विमा सुरू करा. वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा आहे.

१०. स्वतःची गाडी

किमान वर्षभर दुसऱ्याची गाडी चालवल्याशिवाय कर्ज काढू नका. टायर, विमा आणि रिकामा परतीचा फेरा नफा कसा खातात, ते मालकाच्या पैशावर शिकून घ्या. मुद्रा योजनेत मालवाहू गाडीला कर्ज मिळतं : शिशु ५० हजारांपर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत, तरुण १० लाखांपर्यंत, आणि तरुणचं कर्ज नीट फेडलं तर पुढे २० लाखांपर्यंत. बचत गटात असाल तर माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ) किंवा उमेद (ग्रामीण जीवनोन्नती अभियान) यांच्या कार्यालयात आधी चौकशी करा.

घरचे पुरुष "बाईच्या नावावर घेतली की सवलत मिळते" म्हणून गाडी तुमच्या नावावर घेऊ पाहतील, चालवणार ते आणि भाडंही त्यांच्याच खिशात. हप्ता थकला तर नोटीस तुम्हाला येते, विमा संपलेल्या गाडीने कुणाला उडवलं तर भरपाईही तुमच्याकडून वसूल होते. नावावर घेतलीत तर फास्टॅगचं खातं, विमा आणि भाडं जमा होणारं खातं, तिन्ही तुमच्या मोबाइल नंबरला जोडून घ्या, आणि विम्याची तारीख संपायच्या महिनाभर आधीचा गजर आजच लावून ठेवा.